भट्टीत गेलेलं रान

प्रिय आप्पा,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पानं उठतात न उठतात तोच दादाने लाकडाच्या ठेकेदाराला पडवीत आणून बसवलं. पोरीचं लग्न काढलंय, म्हणून घराच्या वरच्या उतारावरचं रान तोडायला द्यायचं म्हणतो. माझ्या सहीवाचून अडलंय. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलावं.

तुम्हीही रान द्यायचात. ऐन, किंजळ, सगळी झाडं गुडघाभर बुंधे राखून साफ. "फुटतंय रे परत," म्हणायचात. फुटायचंही. पण फुटवा मनगटाएवढा झाला की ठेकेदार पुन्हा दारात! त्याला जाड होऊ दिलंत कधी?

मी महाडला कारखान्यात बॉयलरवर आहे, हे तुम्ही गावभर कौतुकाने सांगितलंत. तिथे काय जळतं, ते मात्र विचारलं नाहीत. एकदा आपल्याच रानाचं लाकूड आलं. ड्रायव्हर आपल्या वाडीतून भरून आणलं म्हणाला. पाळी संपायच्या आत सगळं खलास. फार वाईट वाटलं, आप्पा.

आमचे साहेब सांगतात, लाकूड जाळायला हरकत नाही, नवं झाड धुरातला कार्बन परत ओढून घेतं. तुमचंच म्हणणं, फक्त इस्त्रीच्या शर्टात. खोटं नाही ते. पण झाडांनी वर्षानुवर्षं हवेतून ओढून लाकडात साठवलेलं मी एका पाळीत चिमणीतून सोडतो. कोवळ्या फुटव्याने ते परत कधी गोळा करायचं? आणि उघड्या उतारावरची माती पावसात गेली, तिच्यातला कार्बनचा साठा वेगळाच. आपल्या घराचे वासेही त्याच रानातले, पण त्यांच्यातला कार्बन अजून त्यांच्यातच आहे. तोडण्याला माझी ना नाही, घाईला आहे.

दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा तोडायचे तवा नाय तुझा कार्बन आडवा आला?"

आई आतून म्हणाली, "त्यांना तवा सांगणारं कोण होतं रे?"

दादा चहा न घेताच मुंबईच्या गाडीला गेला.

मी सही केली नाही. पुतणीच्या लग्नात हात आखडता घेणार नाही, तसं दादाला फोन करून सांगेन. पण हे फुटवे चांगले जाड होईस्तोवर रानात कुऱ्हाड जाणार नाही, हा तुम्हाला शब्द.

उद्या माझी सकाळची पहिली पाळी. कुणाच्या तरी रानाचं लाकूड भट्टीत घालीनच, पोट त्यावर आहे. ते थांबवणं माझ्या हातात नाही. आपलं रान तेवढं हातात आहे.

तुमचा धाकटा,
सुरेश