मेक्सिकन टाको आणि माझ्या नाकाचा अंदाज

१२ नोव्हेंबर, बुधवार
आणि नाही, मी घाबरलेलो नाही. टाको मेक्सिकोचा असला म्हणून काय, आत शेवटी बीफच. अठरा वर्षं कुवेतला, मंगफच्या या हॉटेलात शिजवतोय. तोंडात एकदाही घातलं नाही. गावाहून निघताना बायकोनं, अंजूनं, जोतिबाचा गुलाल लावून शब्द घेतला होता, काय वाट्टेल ते शिजव, खायचं नाही. मीठ मला वासावर कळतं. माझ्या हाताखालचा तौफीक आपला खात्रीला म्हणून चाखतो.

मालक बू-फहदनी पुढच्या शुक्रवारी रिफायनरीचे बारा नवे इंजिनियर बोलावलेत. एकानंही हा टाको बघितलेला नाही. खिलवायचा मी.

माझा अकाम्याचा, म्हणजे इथं राहायच्या परवान्याचा, कागद मालकांच्याच टेबलावर आहे. साठी उलटली, डिग्री नाही. त्यांनी सही केली तर राहायचं, नाहीतर डिसेंबरात बॅग. लेकीच्या, आर्याच्या नर्सिंगचं एक वर्ष बाकी. काळजीचं कारण नाही. अक्षर हललंय ते पेनमुळं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मॅनेजर प्रज्वलनं टाकोचा व्हिडिओ दाखवला. पोरगा पुण्याचा, प्रत्येक गोष्टीला नाव पाहिजे. रश्श्याला कॉन्सोमे म्हणायचं म्हणे. म्हटलं, म्हण बाबा. सुकी मिरची, लवंग, दालचिनी, व्हिनेगर, चार तास मंद आच. वरच्या तर्रीत मक्याची पोळी बुडवायची, तव्यावर टाकायची, चीज, मांसाचे धागे, दुमडून कडक करायची. रश्श्यात बुडवून खायची. कटात भाकरी बुडवणाऱ्याला ह्यात काय शिकवणार?

पण व्हिडिओच्या शेवटी आचारी स्वतः खातो. कॅमेऱ्यात बघून. प्रज्वल म्हणाला, काका, तीच तर मजा, बनवणारा आधी खाऊन दाखवतो. तू दाखव म्हटलं, तर म्हणे मी अंडंसुद्धा खात नाही.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

१६ नोव्हेंबर, रविवार
तौफीक चिपळूणला निघाला, बहिणीच्या लग्नाला. म्हटलं, हे कधी ठरलं? म्हणाला, काका, सहा महिने सांगतोय. वर हसून विचारतो, आता मिठाचं काय? म्हटलं, नाक आहे.
मी चाखत नाही हे मालकांना माहीत नाही. कळलं तर म्हणतील, न चाखणारा आचारी कशाला पाळू? कुणाला बोलायचं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
प्लॅन पक्का. मालकांनी खा म्हटलं की घास घ्यायचा, खोकायचं, रुमालात. इथल्या खुबूस रोटीवर प्रॅक्टिस केली. चारदा केली, चारदा गिळला. भूक होती म्हणून. प्रज्वलनं विचारलं, काका, बरं नाही का? त्याला कामाला लावलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
अंजूचा व्हिडिओ कॉल. म्हणाली, तोंड एवढंसं का झालंय? म्हटलं, कॅमेरा हलका आहे. मग म्हणाली, काहीतरी लपवताय. फोन कट झाला. केला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी १०
पातेल्याचा वास घेतला. मीठ परफेक्ट. थोडी सर्दी आहे, पण अनुभव म्हणून काही असतं. 

दुपारी ४
बारा जण बसले. सांगितलं, धरा, बुडवा, खा, चर्चा नको. एकानं फोटो काढायला घेतला, त्याला म्हटलं, गार होईल. चावले. एकमेकांकडे बघायला लागले. म्हटलं, रंगले.

तेवढ्यात बू-फहद प्लेट घेऊन उठले. सरळ माझ्याकडे. खिशाला पेन. माझा रुमाल किचनमध्ये. त्यांनी तोंड उघडलं, आणि ते खा म्हणायच्या आत मी टाको उचलला, रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. अख्खा. खोकलो नाही.

त्यांनी प्लेट खाली ठेवली. मग त्यांच्या हिंदीत म्हणाले, मोरेश्वर, तू खात नाहीस हे मला अठरा वर्षं माहितीय. मी आलो होतो मीठ घाल म्हणायला. आणि कागद? त्यावर रविवारीच सही केली, प्रज्वलकडे दिलाय. प्रज्वल म्हणाला, सॉरी काका, तुमचा मूड बघून द्यायचं राहिलं.

मीठ नव्हतं, हे खरं. बाकी कसं लागलं, ते मी लिहिणार नाही. वही बंद.