माजघरापर्यंत नेलेली तार

बाबा,

तुम्ही आपल्या घरात ओढलेली टेलिफोनची तार मी कापली आणि तिला नवी तार जोडून फोन ओटीवरून माजघरात नेला. तार कापल्याचं तुम्हाला काही वाटणार नाही. पण त्यानंतर जे घडलं ते तुम्हाला सांगायचं धाडस मला इतकी वर्षं झालं नाही. अजूनही तो रविवार आठवला की हातातलं काम थांबतं आणि मी नुसती उभी राहते.

२००९ साल. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं, ती अंथरुणाला खिळलेली. मागच्या खोलीत तिची खाट, कारण न्हाणीघर जवळ आणि खिडकीतून मागीलदारची हवा येते. मी शाळेत शिकवून आले की तिला पेज भरवायची, कूस बदलायची. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. कधी कधी मात्र ती मला स्वतःची बहीण समजायची आणि खारेपाटणच्या गोष्टी विचारायची.

दादा सिंगापूरला, एका गोदीत वेल्डर. तुमचं दिवसकार्य झाल्यावर तो गेला तो परत आलाच नाही. चतुर्थीला फोन करायचा, दोन मिनिटं. "आये बरी मा?" एवढंच माझ्याकडून ऐकून घ्यायचा, तिच्याकडे फोन दे असं कधी म्हणायचा नाही. का ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही गेलात त्या सकाळी तो तुमच्याशी भांडला होता. तुम्ही त्याला तुमच्या हाताखाली टेलिफोन लाइनच्या कामावर लावायचं ठरवलं होतंत आणि तो अंगणात उभा राहून ओरडला होता, "माका खांब्यार चढूचा नाय. तुमीच चढा, आणि एक दिस पडून मरा!" तासाभराने तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, शिडी घेतलीत आणि त्या वाऱ्यात कोपऱ्यावरच्या खांबावर चढलात. टेलिफोनच्या तारांवर माडाच्या सुक्या झावळीचं चुडत अडकलं होतं. ते ओढताना शिडी सरकली. लोक म्हणाले, लाइनमन माणूस, वारा काय ते त्याला कळत नव्हतं? झिलाच्या बोलण्याने डोकं फिरलं, उपाशी गेला. दादाने ते ऐकलं. आम्ही पण तेच मानलं.

आईच्या आजाराचं कळवलं तेव्हा तो म्हणाला, "माका येवक जमाचा नाय. पण माका तिका बघूक दी." म्हणून मी लॅपटॉप घेतला आणि टेलिफोनच्याच तारेवर ब्रॉडबँड घेतलं. राउटर ओटीवर बसवला, कारण फोन तिथे होता. शेजारपाजारच्यांना घरात न शिरता फोन करता यावा म्हणून तुम्ही तो तिथे ठेवला होतात. ओटीवर सगळं छान चालायचं. माजघरात रेंज निम्मी. आईच्या खाटेजवळ पाचातली एक रेघ, तीही यायची आणि जायची. पहिल्या रविवारी दादाचा चेहरा चौकोन चौकोन होऊन फुटला आणि गेला. आई म्हणाली, "कोण होता गो?"

मी राउटर टीव्हीच्या मागून काढून शोकेसवर उंच ठेवला. लोखंडी कपाट मधे येत होतं, ते एकटीने ढकललं. कोणीतरी सांगितलं म्हणून पिठाच्या चाळणीला चंदेरी कागद लावून ती राउटरच्या पाठीमागे उभी केली, आणि खरं सांगते, त्याने एक रेघ वाढली. पण चेहरा काही टिकेना. मालवणात संगणकाच्या दुकानात गेले तर दुकानदार हसला. "बाई, तुमच्या भिंती चिऱ्याच्यो. तीन भिंतींतसून सिग्नल खंयसून जातलो? राउटर घराच्या मधोमध न्हेवा, आणि उंच ठेवा." आईला ओटीवर आणावं म्हटलं तर खाट माजघराच्या दारातून निघत नव्हती आणि तिला उचलून बसवणं माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं.

तेव्हा मी तुमची हत्यारांची पेटी उघडली. पक्कड अजून तशीच. मी अकरा वर्षांची असताना तुमच्या मागे मागे फिरून एक जोड मारला होता, तारेचं तांबं न घासता, वरून नुसती पट्टी गुंडाळून. तुम्ही तो सगळा उसवून माझ्या हातात दिलात. "तांबा घासल्याशिवाय मारलेलो जोड मी कोणाचो खपवून घेवचंय नाय. तुझो पण नाय." मी रडले होते. आता ओटीवरच्या स्टुलावर उभी राहून मी तांबं चमकेपर्यंत घासलं, दोन्ही तारा आवळून पिळल्या, आणि दाराच्या चौकटीवरून नवी तार माजघरातल्या फळीपर्यंत नेली. फोन आणि राउटर तिथे ठेवले. आईच्या खाटेजवळ चार रेघा आल्या. मी इतकी खूश झाले, बाबा, की आईला म्हटलं, आज तुझ्या झिलाला तुझ्या पुढ्यात बसवते बघ.

दुपारचे तीन वाजले असतील. मी लॅपटॉप खाटेवर, तिच्या पोटाजवळ धरला. दादा आला. एकदम स्वच्छ, हलत्या ओठांसकट. मी अकरा वर्षांत त्याला धड पाहिलं नव्हतं. केस मागे गेलेले, मिशी पिकलेली, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा. तो दादा नव्हता, तुम्ही होतात. आईने डाव्या हाताने पदर डोक्यावर ओढला. मुलासाठी ती कधी पदर घेईल?

"इलात?" ती म्हणाली. "खंय होतात तुमी इतके दिवस?"

दादा हसला, मग त्याचं हसू उतरलं. तो काही बोलणार तोच ती पुढे बोलू लागली. जड जिभेने, पण एकेक शब्द कळत होता.

"त्या दिसाचा माका कोणाक सांगूक धीर जावक नाय. तुमी जेवक बसललात. मियाच उठवलंय तुमका. खारेपाटणाक बहीण आजारी, माका फोन करूचो होतो आणि फोन बंद. तुमी म्हणालात, वारो पडांदे, मगे जातंय. मी म्हटलंय, नाय, आत्ताच्या आत्ता जावा. झिलाची काय एक चूक नाय. सगळी म्हणाली तुमी तेच्या रागान गेलात. माका भ्या वाटला. मी गप ऱ्हवलंय."

माझ्या हातातला लॅपटॉप कलंडला, मी सावरला. पडद्यावर दादा हलत नव्हता. डोळे उघडे, तोंड अर्धवट उघडं, पापणीसुद्धा लवत नाही. मला वाटलं, सिग्नल गेला. जिवाच्या आकांताने वाटलं, सिग्नल गेलेला असू दे, त्याने हे ऐकलेलं नसू दे. मग दिसलं, त्याच्या पाठीमागे टेबलावरचा पंखा फिरतोय.

आईने विचारलं, "तुमी रागावलात माझ्यार?"

दादाने चष्मा काढला, परत घातला. आता हा काय बोलेल, किंचाळेल, की लॅपटॉप बंद करेल? मग तो तुमच्यासारखा, अगदी तुमच्यासारखा बोलला.

"नाय गो. मी रागावूक नाय. तू जेवलंस?"

"जेवलंय," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पेज भरवली, पाठ पुसली, सगळं केलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. अकरा वर्षं स्वतःच्या पोटच्या पोराला जळत ठेवणारी ही बाई कोण, असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी तिने माझं मनगट धरलं. "गो, माझा काय चुकला?" तिच्या डोळ्यांत त्या रविवारचं काहीच नव्हतं. की होतं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

दादा पुढच्या मे महिन्यात आला. स्टँडवरून रिक्षा केली ती घरी नाही, आधी कोपऱ्यावर थांबवली. खांबाजवळ थोडा वेळ उभा राहून मग आला. आईने त्याला बघताक्षणी ओळखलं. "इलस? किती बारीक झालस रे." तो तीन आठवडे राहिला, तिला आंघोळ घातली, तिच्या उशाशी बसून फणस सोलला. त्या दुपारचा विषय त्याने तिच्यापाशी काढला नाही. मी एकदा विचारलं, तुला राग नाही आला? म्हणाला, "इलो. पण तिना विचारल्यान ता बाबांका. मग बाबांनी काय सांगल्यानी असता?" पावसाळा सरता सरता आई गेली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? तुमच्या हत्यारांच्या पेटीत ठेवावं असंही मनात आलं, पण ते नाटक वाटेल. इथेच टेबलावर राहू दे. आईला तिचं उत्तर मिळालं, दादाला त्याचं मिळालं. मी त्या दोघांच्या मधे लॅपटॉप धरून उभी होते, आणि मलाही काही सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. त्या सकाळी शिडी बाहेर काढताना तुम्ही मला हाक मारली होतीत, "गो, जरा येऊन शिडी धर." मी आत केस विंचरत होते. तुम्ही दादाला बोललात म्हणून तुमच्यावर चिडले होते. ऐकू आलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं.

मला ऐकू आलं होतं, बाबा.