परांचीचे बांबू

हाँगकाँग,
कार्तिक २७

कान्छाच्या बाबांना,

नमस्कार. मी धडधाकट आहे, दातही गावाहून निघताना होते तेवढेच आहेत. तुमच्या खोकल्याचं खरं काय ते कळवा. पत्र नात इप्सा लिहिते आहे. अक्षर चिनी वाटेल, पण बोलणं माझंच आहे. फोनवर तुम्ही नुसतं ‘मोठ्यानं बोल’ म्हणता, म्हणून हा खटाटोप. आता दुकानदार भीमसेन हे तुमच्या कानाशी ओरडून वाचणार आणि अख्खं गाव ऐकणार. ऐकू दे.

गुरखा पलटणीत असताना इथल्या ज्या किनाऱ्यावर मासे धरल्याच्या बढाया तुम्ही मारायचात, तिथे आता समुद्रच नाही. भराव घालून वर दुकानं बांधलीत. मासे खोटे होते असं मी म्हणत नाही, पण पुरावा गेला.

घर आपल्या गोठ्याहून लहान. न्हाणीघरात मी शिरले की दार बाहेरून कुणाला तरी ढकलावं लागतं. इथे कुत्री बाबागाडीत बसतात आणि म्हातारे पायी चालतात. सकाळी बागेत माझ्या वयाच्या बायका टाळ्या वाजवत उलट्या पावलांनी चालतात. मीही त्यांच्यात जाते. भाषा कळत नाही, पण गुडघे सगळ्यांचेच दुखतात.

आणि इमारती आभाळाला टेकलेल्या, पण त्यांना परांची कसली, तर बांबूची! आपण गोठ्याला बांधतो तशीच. वर माणसं माकडांसारखी लोंबकळतात. पहिल्या दिवशी खिडकीतून ते बघून मी हसले. सूनबाईनं, धनसरीनं, पडदा ओढून घेतला. हसून झाल्यावर मला आठवलं, आपला कान्छा कुठून पडला ते.

तुम्ही विचारलंत ते मी एवढा वेळ टाळत होते. आल्या आल्याच मी धनसरीला विचारलं होतं, जाळण्याआधी त्याची नखं, केस काढून ठेवलेस ना? ती म्हणाली, गडबडीत राहून गेलं. मी तिला नको नको ते बोलले. शहरात राहून रीत विसरलीस, आता कार्याला त्याच्या नावाचा बांबूचा पुतळा करायचा, त्यात काय घालायचं, लामा पुढच्या जगाची वाट दाखवणार ती कुणाला? ती खाली मान घालून भांडी घासत राहिली.

परवा माझी चप्पल पलंगाखाली सरकली. काढायला वाकले, तर तिथे उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं त्याचं कामावरचं जुनं हेल्मेट. आतल्या पट्टीला केस चिकटलेले. त्याचेच, तुमच्यासारखे राठ.

धनसरी दारात उभी होती. मी म्हटलं, “खोटं का बोललीस गं?”

“आमा, कार्य झालं, लामानं वाट दाखवली, की ते जाणार ना?”

“जावं म्हणूनच करतात.”

“मग इतक्यात नको. मी कामावरून आले की अजून त्यांना सगळं सांगते.”

इथे इप्साचा हात थांबला आहे. लिही बाई.

अहो, मी तिला रागवणार होते. पण हेल्मेट थोडा वेळ मांडीवर घेऊन बसले, मग अभ्र्यात गुंडाळलं आणि होतं तिथे मीच परत ठेवलं.

म्हणून सांगते, पुतळ्यासाठी ओढ्याकाठचा बांबू राखून ठेवलाय, तो तोडू नका. लामाला सांगा, पौषातलं कार्य पुढच्या पौषात. आपण तोवर नसलो तर मुलाला वाटेला कोण लावणार, हा तुमचा घोर मला ठाऊक आहे. तेव्हा मरायचं नाही. दोन पुतळ्यांना पुरेल एवढा बांबू आपल्याकडे नाही. काढा कडू लागला तरी घ्या.

आज समोरची परांची उतरवत होते. एकेक बांबू हातोहात खाली येत होता. शेवटचा माणूस जमिनीला पाय टेकेपर्यंत मी खिडकीतून हलले नाही. या खेपेला पडदा कुणी ओढला नाही. धनसरी माझ्या शेजारीच उभी होती.

खाली अंगठा माझाच आहे. शाई जरा पसरली.

तुमची म्हातारी,
अजून इथेच असलेल्या कान्छाची आई