दहाव्याला काही कबूल करू नये

मी, महिपती दत्तोबा गराडे, राहणार लोणावळे, मूळ गाव लोहगडवाडी, तालुका मावळ, जिल्हा पुणे, वय साठीच्या आतबाहेर, धंदा खाटा, गाद्या व खुर्च्या भाड्याने देणे, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टर तसे खाली लिहून देतीलच. पण त्याहून भरवशाचा पुरावा असा की, गेल्या आठवड्यात एका बंगल्यातून परत आलेल्या गादीवर नुसती थाप मारून, तिच्यातला निम्मा कापूस बंगल्यातच राहिला आहे हे मी आवाजावरून ओळखले आणि तो परत आणवला. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. या घरात दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती, माझी पत्नी झुंबरबाई, ती या घटकेला परसात धुणे वाळत घालत आहे.

वडगावच्या वकिलांनी मला एक मसुदा करून दिला होता. कायद्याने तो बिनचूक असेल, पण त्यात माझे नातेवाईक ओळखूच येईनात. जो तो "सदरहू इसम". म्हणून मीच लिहायला बसलो. वकिलांनी कलमे तपासली आणि उरलेला मजकूर अनावश्यक आहे असे सांगितले. तो मी ठेवला आहे.

कलम १. असली पत्रे आमच्याकडे तेराव्याला, जेवणे उरकल्यावर उघडतात. माझे तिसऱ्या दिवशी, सावडून घरी आल्याबरोबर उघडावे. कारण पुढे येईल. मोठ्याने वाचण्याचे व पुढे सर्व अमलात आणण्याचे काम मकसूद पिंजारी यांनी करावे. माझ्या धंद्यातली प्रत्येक गादी त्यांनी पिंजून भरलेली आहे आणि ते धंद्यात माझे निम्मे भागीदार आहेत. घरचे सोडून बाहेरचा माणूस का, अशी हरकत कोणाला घ्यायची असेल तर त्याने जरूर घ्यावी. ती ऐकायला मी नसेन, एवढी सोय मी केली आहे.

कलम २. ही मिळकत वडिलार्जित नाही. वडिलांकडून मला एक घोंगडी आली आणि तिखट कान आले. घोंगडी फाटली. कानांवर हे सगळे उभे आहे. मी लोहगडवाडीहून उतरून लोणावळ्याच्या बंगल्यांवर दूध घालीत असे. किटली रिकामी होऊन परत मिळेपर्यंत व्हरांड्यात थांबावे लागे. शेट मंडळी दूधवाल्यासमोर असे बोलत, जणू तो व्हरांड्याचा खांब आहे. हवापालटाला येताना मुंबईहून बिछाने वाहून आणण्याचा ताप सगळे सांगत. खांबाने ते ऐकले, आणि एक साहेब घर मोडून निघाला तेव्हा त्याच्या दोन लोखंडी खाटा घेतल्या. तेथून धंदा वाढला.

कलम ३. लोणावळ्याचे घर झुंबरबाईला तिच्या हयातीपर्यंत, व तिच्या मागे माझी नात शालू हिला. शालू ही माझी एकुलती मुलगी बया हिची मुलगी. बया आता नाही. शालूच्या बापाला या मिळकतीतून काही नाही. तो मुंबईस असल्याचे ऐकतो, आणि तो तेथेच असावा अशी माझी सदिच्छा आहे. झुंबरबाईने घर कोणालाही लिहून देऊ नये, समोरचा कितीही गोड बोलला तरी. गोड बोलला तर मुळीच नाही.

कलम ४. पोस्टातली माझी शिल्लक शालूच्या शिक्षणाची आहे. ती गेल्या जूनपासून पुण्यास दवाखान्याच्या विद्यालयात नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स करीत आहे. हे खूळ माझे, असे गावात बोलले जाते. ते तिचे आहे. एका बंगल्यात आजारी बाई होती आणि सोबत नर्स होती. शालू हमालाबरोबर गाद्या मोजून द्यायला गेली आणि परत आली ती डोळे मोठे करून. "आबा, ती नर्सबाई शेटला म्हनली भाईर व्हा, आन् शेट भाईर झाला!" त्या दिवसापासून तिने मला सुखाने जेवू दिले नाही.

धाकटा भाऊ नथू याची बायको रतनबाई विहिरीवर म्हणाली की, थोरल्यांनी खाटा भाड्यानं देता देता पोरगीबी खाटेपाशी उभी केली. विहीर माझ्या खिडकीपासून लांब आहे, पण कानांचे वर सांगितलेच आहे.

दुसऱ्याच महिन्यात शालू न कळवता ट्रंक घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "आबा, मला न्हाई ऱ्हायचं तितं. घाण काढाया लावत्यात."

मी म्हणालो, "हितं बाया काय अत्तर काढत्यात व्हय? तितं निदान काढल्याचं सर्टिफिकिट देत्यात."

ती रडली, भाकरी खाल्ली, झोपली. सकाळी ट्रंक पुन्हा दाराशी होती, बांधलेली. मी जोडे घालू लागलो तर म्हणाली, सोडायला येऊ नका, लोक बघतात. त्यानंतर मी पुण्याला कापसाचे भाव बघायला म्हणून जाऊ लागलो. पुण्यात कापसाचे भाव काय आहेत ते मला आजही माहीत नाही. मकसूद यांना माहीत असतात, म्हणून ते कधी विचारीत नाहीत.

दिवाळीला आली तेव्हा तिने नथूचे मनगट धरले, घड्याळाकडे बघत राहिली आणि बोलू नका म्हणाली. नथू एवढा वेळ गप्प बसलेला घराने पहिल्यांदाच पाहिला. नंतर तो हाताकडे असा बघत होता, जणू कोणी तिथे सोन्याचे कडे घातले आहे. हे मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे नथूविषयी लिहायचे आहे आणि ते इतके बरे नाही.

कलम ५. माझ्या दहाव्याला इंद्रायणीच्या काठी कोणीही काहीही कबूल करू नये.

याचे कारण असे. आमची आई वारली तेव्हा दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मृताची इच्छा राहिली असली की असे होते, म्हणून एकेकाने पुढे होऊन हात जोडावे आणि काहीतरी कबूल करावे, अशी रीत आहे. कोणी गाय बोलले, कोणी देवीचा नवस बोलले. शेवटी नथू पुढे झाला आणि म्हणाला, "आये, बयाचं लगीन तुज्या भाच्याच्या घरात लावून देतो." कावळा उतरला. बया माझी मुलगी, वय बारा. मला कोणी विचारले नव्हते, आणि मी तेथेच मोठ्याने नाही म्हणालो. भावकीतले म्हातारे म्हणाले, "कावळा शिवला, आता तुमी कोन?" मी तो कावळा पाहत होतो. तो शेजारच्या लोकांच्या पिंडावर बसला होता. तिथला भात संपला तेव्हा तो आमच्याकडे आला. बयाचे लग्न झाले. तिचा नवरा मुंबईला गेला तो गेला, आणि ती शालूला कडेवर घेऊन परत आली व दोन वर्षांनी तापाने गेली. यात कावळ्याचा दोष नाही. तो भुकेला होता.

आता गेल्या महिन्यात मी तापाने पडलो होतो. डोळे मिटलेले होते, म्हणून झोपलो आहे असे समजून ओटीवर बोलणे चालले होते.

"थोरल्यांचं काय खरं न्हाई," रतनबाई म्हणाली. "दहाव्याला कावळा शिवायचा न्हाई, बगा तुमी. जीव पोरीत आडकलाय. तवा तुमी म्होरं व्हायचं आन् म्हनायचं, वर्साच्या आत शालूचं हात पिवळं करतो, आमच्या गेणूशी."

नथू म्हणाला, "आन् दादाला ते नगं आसंल तर?"

"मग शिवायचा न्हाई. त्येला इचारूनच करायचं हाय की समदं."

हा युक्तिवाद मी पडल्या पडल्या सगळीकडून ठोकून पाहिला. वकिलांनाही सांगितला. त्यांनाही त्यात फट सापडली नाही.

रतनबाई वाईट बाई नाही. त्या तापात मला पेज तिनेच भरवली. पोरीचे भले यातच आहे असे तिला मनापासून वाटते, आणि मनापासून वाटणाऱ्या माणसाइतके धोक्याचे दुसरे कोणी नाही. गेणू हा तिचा शिरगावचा भाचा. त्याच्याविषयी कोणाची काही तक्रार नाही. त्याच्याविषयी कोणाला काहीच म्हणायचे नसते.

म्हणून लेखी कळवतो. माझी इच्छा काय ती या कागदात आहे. माझ्या वतीने बोलण्याचे मुखत्यारपत्र मी कोणत्याही कावळ्याला दिलेले नाही. तो शिवला तर आनंद आहे. न शिवला तर थोडा वेळ वाट पाहून गुरुजींनी दर्भाचा कावळा करावा आणि मंडळींनी ऊन चढण्याआधी घरी जावे. पिंडाशेजारी कांद्याची भजी ठेवावीत; मला आवडतात म्हणून नव्हे, कावळ्यांना आवडतात म्हणून. मी कावळा मानत नाही असे कोणी समजू नये. आमची समोरासमोर गाठ पडेल तेव्हा आम्ही आपसात बघून घेऊ.

कलम ६. धंद्यातला माझा निम्मा हिस्सा नथूला. मात्र शालूचा कोर्स पुरा होऊन ती सर्टिफिकिट आणून मकसूद यांच्या हातात ठेवीपर्यंत नथूने नुसते उत्पन्न खावे. त्या दिवशी हिस्सा कायमचा त्याच्या मालकीचा होईल. कोर्स पुरा होण्याआधी तिचे लग्न ठरवले, बोलले, किंवा सुपारी फुटली, तर तो हिस्सा त्याच दिवशी आमचा चुलतभाऊ रखमाजी याला जाईल.

रखमाजी आणि नथू यांच्यात, नथूने वाडीला विकत घेतलेल्या जमिनीच्या बांधावरून बोलणे बंद आहे. रखमाजी दरवर्षी नांगरताना बांध थोडा नथूकडे सरकवतो आणि विचारले तर डोंगर खचतो म्हणतो. या कलमाची त्याला कल्पना दिलेली नाही. पण तो सावडायला येईलच, आणि हे वाचले जाईल तेव्हा नथूच्या शेजारीच बसलेला असेल. माझा अंदाज आहे की, त्या क्षणापासून स्त्रीशिक्षणाला मावळात नथूइतका कैवारी मिळणार नाही. शालू नापास झाली तर नथूची झोप उडेल, आणि रखमाजी तिच्या परीक्षेची चौकशी करीत हिंडेल. पोरीच्या अभ्यासावर दोन चुलत आजोबांची एवढी नजर पुण्याच्या साहेबांच्या मुलींनाही मिळत नसेल.

शालूलाच कोर्स नको झाला, तर तिला कोणी अडवू नये, आणि नथूचेही नुकसान होऊ नये. पण ते तिने मकसूद यांच्या पत्नी अकबरी यांना, त्यांच्या चुलीपाशी, आमच्यापैकी कोणी कानाच्या टप्प्यात नसताना सांगितले पाहिजे. आणि महिना जाऊ देऊन पुन्हा सांगितले पाहिजे. पहिल्या वेळी माणूस थकलेले असते.

कलम ७. घरात मयत झाले की लग्न वर्षाच्या आत उरकावे, नाहीतर तीन वर्षे थांबावे, ही आपली रूढी. रतनबाईचा सारा भर पहिल्या अर्ध्यावर आहे. माझा दुसऱ्यावर. कलम सहाच्या जोरावर नथूने एक वर्ष कसेबसे काढले की पुढची दोन वर्षे रूढी स्वतःच पोरीची राखण करील, आणि तिला पगारही द्यावा लागणार नाही. तोवर शालू नर्स झालेली असेल. मग तिला गेणू हवा असेल तर तिने खुशाल करावा. गेणूला तेव्हा बाहेर व्हा म्हटले तर तो होईल, एवढे मी सांगू शकतो.

कलम ८. माझे सेकंदकाट्याचे खिशातले घड्याळ शालूला. ते आत्ताच द्यायचे होते, पण तिने माझी नाडी मोजून ते परत माझ्या खिशात घातले. माझा कोट नथूला. त्याला तो लांब होईल, तरी त्याने तो कापू नये. रतनबाईला माझ्या आईची नथ, बिनशर्त. या कागदात बिनशर्त एवढेच आहे, याची तिने दखल घ्यावी.

कलम ९. मुलीच्या लेकराला आजोबाचे सुतक तीन दिवस. तेव्हा चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीने शालूने पुण्याला परत जावे. नथूने तिला सोडायला जावे, ट्रंक स्वतः उचलावी, आणि तिने लोक बघतात म्हटले तरी ऐकू नये. दहाव्यासाठी तिला बोलावू नये.

आणि तिच्या परीक्षेच्या दिवसांत माझी वेळ आली, तर पुण्याला तार करू नये. शेवटचा पेपर संपला की मकसूद यांनी जाऊन सांगावे, तेही तिने काही खाल्ल्यावर. तोंड पाहायला मिळाले नाही म्हणून ती रागावेल. रागावू द्यावे.

हे कलम मी झुंबरबाईला वाचून दाखवले. बाकीची तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकली होती. या कलमाला हात थांबले. मग म्हणाली, "आन् तवर म्या एकलीनं रडायचं?"

मी म्हणालो, अकबरी आहे.

ती म्हणाली, "मग पेपर किती दिस चालत्यात ते इचारून ठेवा."

मी विचारून ठेवणार आहे.

हे सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि खालील दोघांच्या देखत सही केली. या दोघांना या मिळकतीतून काही मिळणार नाही. तसे त्यांना आधीच सांगितले होते, तरी ते आले.

सही
महिपती दत्तोबा गराडे

साक्षीदार
१. युनूस इब्राहीम शेख, घोडागाडीवाले, लोणावळे. सही.
२. डॉ. वामन केशव पाध्ये, लोणावळे. मृत्युपत्र करणारे गृहस्थ सही करताना पूर्ण शुद्धीवर होते व माझ्या दवाखान्यातील खाटेच्या थकलेल्या भाड्याची त्यांनी आठवण करून दिली. सही.

मुक्काम लोणावळे, ता. १२ जानेवारी १९४१