बेदाण्याच्या शेडचं दार

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला आणि आज मी बेदाण्याच्या शेडबद्दल लिहायला बसले आहे. त्या वेळी समोर बसून चार वाक्यांत सांगून मोकळं होता आलं असतं. नाही सांगितलं. आता ऐकायला तुम्ही नाही, म्हणून धीर आला असावा. माझा धीर असाच उशिरा येतो.

तुम्ही साताऱ्यात कचेरीत कारकून होतात आणि सुट्टीच्या दिवशी रहस्यकथाकार. लोक रविवारी देवदर्शनाला निघायचे, आपण बापलेक प्रेत कुठे लपवता येईल ते बघायला. ज्या गावात स्वतः उभे राहिलो नाही त्या गावात कुणाला मारायचं नाही, हा तुमचा नियम. मी कॉलेजात असताना औंधला यमाईच्या डोंगरावरून तुम्ही मला दोनदा पळवलंत, एकदा चप्पल घालून, एकदा अनवाणी. खुनी किती वेळात खाली पोचेल ते तुम्हाला हवं होतं. पायऱ्याही मोजायच्या होत्या. मी निम्म्यावर कंटाळले आणि तिथला आकडा दुप्पट करून सांगितला. तुम्ही चढतानाच मोजून ठेवल्या होत्या. शांतपणे म्हणालात, "वाचकाला फसवायचं ते खुनी कोण, एवढ्यापुरतं. पायऱ्यांच्या बाबतीत नाही." परतीच्या एसटीत मी मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसले. तेव्हा मला राग आला होता, लाज नव्हती वाटली.

लाज वाटायची ती तुमच्या प्रश्नांची. उंब्रजला हायवेकडच्या हॉटेलात तुम्ही मालकाला विचारलंत, की मागच्या बाकावर एखादा माणूस बसल्या बसल्या मेला तर किती वेळानं ध्यानात येईल. तो चहा गाळता गाळता थांबला. "आवं, कुणाला मारायचं हाय का काय?" तुम्ही त्याच्याच बोलीत म्हणालात, "व्हय, पण पुस्तकात." मग तो तुमच्याशेजारी येऊन बसला आणि तासभर हलला नाही. मी बाहेर उन्हात उभी होते.

निवृत्त होऊन तुम्ही सांगलीला आलात आणि दम्यानं तुम्हाला खुर्चीत बसवलं. शेवटची कादंबरी तासगावच्या द्राक्षांची होती. शेडमध्ये एक व्यापारी मरतो, एवढंच ठरलं होतं, कसा ते शेड बघितल्यावर. तुम्ही मला वही दिलीत. "जा, हात लावून बघ, वास घे, ये." दुपार आहे, मी सांगलीच्या स्टँडवर उभी आहे, तासगावची गाडी माणसांनी भरून वाहते आहे. पलीकडे माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी नुकतंच इंटरनेटचं दुकान टाकलंय. तिथं पंखा आहे. तिथल्या मशीनला वाट्टेल ते विचारता येतं आणि ते चहा गाळता गाळता थांबत नाही. मी बेदाण्याच्या शेडबद्दल विचारलं. वरून खाली, एकेक ओळ करत एक फोटो उतरला. मातीविटांची खोली, भिंतींना ओळीनं भोकं, एक लाकडी दार. कुठल्या देशातली होती ते मी वाचलंसुद्धा नाही. शेड ती शेड.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "दार आहे का गं शेडला?"

"आहे. लाकडी. आतून कडी."

तुमचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "आतून कडी असेल तर झालंच की माझं पुस्तक." बंद शेड, आत प्रेत, आतून कडी. तुम्ही धाप लागत असतानाही रोज चार-चार पानं लिहीत होतात. मला तेव्हाही सांगता आलं असतं. पण तुम्ही खुश होतात, आणि खरं म्हणजे मीही होते.

पुस्तक आलं आणि महिन्याभरात तासगावहून एका बागायतदाराचं पोस्टकार्ड आलं. "साहेब, तुमची समदी पुस्तकं वाचली हायत. पर आमच्या शेडला भिंती नसत्यात. खांब, वर पत्रा, आत जाळ्यांचे मजले. वारं आरपार गेलं न्हाई तर माल काळा पडतोय. मग दार कुठलं आन् कडी कुणी लावली? ह्या बारीला तुमी आला न्हाईसा, असं वाटतंय."

तुम्ही ते दोनदा वाचलंत. मग उत्तर मला लिहायला सांगितलंत. "आपण म्हणता ते खरं आहे. मी आलो नव्हतो. चूक सर्वस्वी माझी." मग विचारलंत, "लिहिलंस?"

"हो."

"माझी, असंच लिहिलंस ना?"

"हो, अण्णा."

तुम्ही सही केलीत. तुम्ही मला तेव्हा काही विचारलं नाहीत, नंतरही नाही. पुन्हा कुठं पाठवलं नाहीत आणि पुन्हा लिहिलंही नाहीत. मी सगळ्यांना सांगत आले, की वडिलांना सांगायचं होतं पण ते अचानक गेले. ते खोटं आहे. त्या पोस्टकार्डानंतर तुम्ही सात महिने होतात आणि रोज संध्याकाळी तुमचं औषध मीच देत होते. तुम्ही विचारलं असतंत तर दुसरं खोटंही तयार होतं: मी पाहिलेली शेड जुन्या पद्धतीची होती.

आता मीही रहस्यकथा लिहिते. सगळं जग हातातल्या फोनवर आलंय, तरी मी गाडी पकडते, गावात उभी राहते, हॉटेलवाल्यांना नको ते विचारते. लोक म्हणतात, वडिलांवर गेली आहे. मी हसून घेते. हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, कपाटात कागदांखाली राहील. एवढं लिहूनही एक गोष्ट राहतेच आहे. तासगावची शेड कशी असते, ते मला अजून त्या पोस्टकार्डावरूनच माहीत आहे. घरापासून स्टँड दहा मिनिटांवर आहे, गाड्या दिवसभर सुटतात. मी गेलेली नाही.