दोन श्रीमंत मुलूख आणि दाजींचे माग

अव्वा,

तुला लिहायचं लिहायचं म्हणत मी किती ठिकाणी कागद काढला आणि परत घडी घालून ठेवून दिला. मुंबईच्या गोदीत काढला, लिव्हरपूलला खलाशांच्या खोलीत काढला, अमेरिकेत तर चांगला रेघांचा कागद विकत घेतला आणि एका पोलंडवाल्याला सोलापूरचा नकाशा काढून दाखवण्यात तो संपला. नकाशात मी आपलं तळं इतकं मोठं काढलं की मी समुद्रकाठचा आहे असंच तो शेवटपर्यंत समजत होता. आज मात्र बसलो आहे. सुट्टीचा दिवस आहे, भोंगा गप्प आहे, अक्का भाकऱ्या थापते आहे, दाजी कुठंतरी बाहेर गेलेत. उद्या सकाळी ते कामावर जायच्या आत मला त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे आणि ते मला येत नाही. तू असतीस तर विचारून विचारून माझ्यातनं ते काढलं असतंस, म्हणून तुला लिहितो. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा नाही हे मला कळतं. तरी लिहितो.

तुझं विचारणं मला अजून ऐकू येतं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वळसंगच्या मामाबरोबर गाडीतनं मंगळवेढ्याला जाऊन आलोय आणि मला सांगायची घाई झालीय. शाळूची कणसं माझ्या डोक्याच्या वर होती, मामाचा बैल वाटेत बसला, एका दुकानात आरशात मी पुरा दिसलो. तू नुकतीच गिरणीतनं आलीयस, तुझ्या केसांत सुताची भुकटी तशीच आहे, हात पिठात आहेत. तू विचारतेस, "तितल्या बायका पानी कुटनं आनतात?" मी म्हणतो, न्हाय बघितलं. "चूल घरात असती का दारात?" न्हाय बघितली. "जेवायला आदी कोन बसतं, शेवटी कोन?" मी परत बैलाचंच सांगायला लागतो. "मग बघून आलास, का नुसता जाऊन आलास?" आणि त्या दिवशी तू मला भाकरी दिलीस, वर कांदा दिलास, पण शेंगाची चटणी दिली नाहीस. चटणी बघून येणाऱ्याला, म्हणालीस. अक्कानं तिच्यातली चिमूटभर माझ्या ताटात टाकली, ते तुला दिसलं होतं असं मला आता वाटतं.

तू आम्हा दोघा लेकरांना सोडून गेलीस तेव्हा माझी चौथी झाली होती आणि पाचवी अर्धी झाली होती, ती तशीच अर्धी राहिली. एका जागी बसवेना. मुंबईला गेलो, रत्नागिरीकडच्या लोकांच्या ओळखीनं बोटीवरच्या भंडाऱ्याच्या, म्हणजे आचाऱ्याच्या, हाताखाली कांदे सोलायला लागलो आणि त्या कांद्यांच्या जोरावर दोन मुलूख बघून आलो. दोन्ही इतके श्रीमंत की दोघांच्याही कोळशाच्या ढिगाला आपल्या गिरणीएवढी उंची. पण श्रीमंती सारखी नाही, अव्वा, आणि तोच सगळा घोळ आहे.

विलायतेत मी मँचेस्टरच्या वरच्या अंगाला एका गिरणीच्या गावात राहिलो. रंगखात्यात हौद धुवायचो आणि एका विणकर बाईच्या घरी भाड्यानं झोपायचो. हो, बाई माग चालवते. चार माग. तिची आई चार चालवायची, नवराही त्याच गिरणीत चार चालवतो. मागात इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याच्या भोकातनं सूत तोंडानं ओढून काढायची तिथं रीत आहे, त्यानं तिचे पुढचे दात किडून गेले होते आणि हसताना ती ओठ मिटायची. संध्याकाळी दोघं एकदमच घरी येतात आणि नवरा चहा ठेवतो. पहिल्या दिवशी मी बघतच राहिलो तर ती म्हणाली, "काय बघतोस? तुमच्याकडे किटली फक्त बायकांनाच उचलता येते का?" मी म्हटलं, आमच्याकडे चहाच नसतो घरी. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं.

चूल बघितली बघ. कोळशाची, लोखंडी, भिंतीतच बसवलेली, काळी तुकतुकीत. पाणी घरात नळाला, संडास मागच्या अंगणात. दिव्याचा गॅस पाहिजे तर भिंतीवरच्या डब्यात नाणं टाकायचं, नाणं संपलं की दिवा संपला. जेवायला सगळे एकदम बसतात. घराची पायरी ती एका दगडानं घासून कडेला पांढरी रेघ ओढते, आपल्या सडारांगोळीसारखी, आणि त्यावर पाय पडला की जी काही बोलते ती भाषा मला कुणी शिकवली नाही पण सगळी कळली. त्या रेघेचं मला फार वाटायचं. मी एकदा तिला त्याच दगडानं पायरीवर ठिपक्यांचं कासव काढून दाखवलं. शेजारणी जमल्या. दुसऱ्या दिवशी तिनं ते पुसलं, पण जरा उशिरानं पुसलं.

आणखी काय बघितलं? दुकान गावातल्या लोकांनीच मिळून काढलेलं, नफा जो होईल तो गिऱ्हाइकांनाच परत. उन्हाळ्यात एक आठवडा सगळ्या गिरण्या एकदम बंद आणि सगळं गाव समुद्रावर, आणि त्यासाठी वर्षभर थोडंथोडं बाजूला टाकतात. मजुरांची युनियन तर अशी की आपल्या जॉबरसारख्या मुकादमाला आवाज चढवायच्या आधी विचार करावा लागतो. पण घर आज्जीच्या वेळचं, माग आज्जीच्या वेळचे, आणि निम्म्या धुराड्यांतनं धूर निघत नव्हता. "तुमचे लोक आमचं कापड घेईनासे झालेत," बाई मला म्हणाली, रागानं नाही, पाऊसपाणी सांगावं तसं. "आईला लिही, एक तरी लुगडं घे म्हणावं." मी म्हटलं, आई नाही. मग माझ्या कपात साखर जास्त पडली.

अमेरिकेत उलटं. तिथं समुद्रकाठच्या एका गिरणीत मी झाडूवाला होतो. पोलंडहून आलेला एक विणकर माझा दोस्त झाला, तोच नकाशावाला. तो वीसेक माग बघायचा. चालवायचा म्हणत नाही, बघायचा म्हणतो. धोट्यातली सुताची कांडी संपली की तिथला माग आपली आपणच दुसरी घेतो, थांबतसुद्धा नाही. सूत तोंडानं ओढायचं काम नाही. कांड्या भरणारा निराळा, तेल घालणारा निराळा, झाडणारा मी. पोलंडवाला नुसता मागांच्या गल्लीतनं फेऱ्या मारतो आणि तार तुटली तिथं वाकतो. दिवसभरात त्याचं चालणं वळसंगला जाऊन येण्याएवढं होत असेल. पण घर बघावं. लाकडी, दोन मजली, गॅसची चूल, गरम पाण्याचा वेगळा नळ. बर्फ ठेवायचं कपाट. मी त्या कपाटात हात घालून उभा राहिलो तर त्याची बायको हसायला लागली. मला चैत्रातला आपला पाण्याचा डेरा आठवत होता आणि तू त्याला ओलं फडकं गुंडाळायचीस ते. दारात मोटार, अव्वा. विणकराच्या दारात. हप्त्यानं घेतलेली, पण मोटार. "गावाकडं माझ्या बापाला बूट नव्हते," तो म्हणाला आणि मला मोटारीत बसवून उगीचच समुद्रापर्यंत नेऊन आणलं. वाटेत मी विचारलं, शेजारी कोण राहतं? तो म्हणाला, "दोन-तीन महिने झाले येऊन. नाव विचारलं नाही अजून. विचारीपर्यंत जातात."

जेवायला तिथं आधी कोण बसतं ते मला सांगता येत नाही, कारण एकत्र कुणी बसतच नाही. पाळ्या निरनिराळ्या. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो कपाट उघडतो. पण मुलं गुटगुटीत आणि सगळी शाळेत. मी तुझ्या मापानं मोजायला बसतो, पाणी, चूल, ताट, आणि प्रत्येक वेळी निराळं निघतं. पाण्याला अमेरिका, ताटाला विलायत, चुलीला पुन्हा अमेरिका. मग ती पांढरी रेघ आठवते आणि ती कशात धरायची कळत नाही.

आता दाजींचं सांगतो. दाजी साळखात्यात, विणायच्या खात्यात, दोन माग चालवतात, ते तू असल्यापासूनच. त्यांच्या शेजारचे दोन माग भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचे. तू गेल्यावर आलेली तेलुगू विणकर माणसं, घरचा हातमाग मोडून गिरणीत शिरलेली. घराची भिंत एक आणि खात्यातली गल्लीही एक, म्हणून दोघांनी आपापसात ठरवून घेतलेलं, एकानं तंबाखू मळायला जायचं तेव्हा दुसऱ्यानं चारी माग सांभाळायचे. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांची बायको अडली. दाजी म्हणाले, जा तुमी, मी हाय. आणि दुपारपासून सुटीपर्यंत दाजींनी चारी माग चालवले, कुणाला कळू नये म्हणून जीव तोडून, एक इंच कापड खराब होऊ दिलं नाही. मुलगी झाली. पेढे नाहीत, गूळ वाटला. जॉबर मात्र सबंध दुपार खांबाआड उभा होता. त्यानं साहेबाला सांगितलं, एक माणूस चार माग चालवतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

आता गिरणीनं हुकूम काढलाय की चार घेईल तो राहील. मजुरी वाढेल, दुप्पट नाही, पण वाढेल. दाजींना पहिल्यांदा विचारलंय, उद्या सांगायचं आहे. त्यांना मिळणारे दोन माग शेजाऱ्यांचेच. दाजी नाही म्हणाले तर शेजाऱ्यांना विचारणार, मग जाणारे दोन दाजींचे. त्या दिवसापासून शेजारी आमच्या उंबऱ्याला आलेले नाहीत. त्यांची बायको विस्तव मागायला यायची, ती आता पलीकडच्या घरी जाते. रात्री भिंतीतनं बाळाचं रडणं येतं आणि अक्का लुगड्याचा पदर कानावर घेते.

काल दाजी माझ्यासमोर पाय दुमडून बसले. "तू दोनी मुलूख बघितलास. हितं दुसऱ्या कुनी बघितलेत? सांग, चार बरे का दोन बरे?" मी सांगायला लागलो. दगडाची पायरी सांगितली, बर्फाचं कपाट सांगितलं, मोटार आली तेव्हा दाजी म्हणाले, "व्हय रं, पन मोटारीतनं मी कुटं जाऊ? मागाचं सांग." मी म्हटलं, विलायतेत चार माग आहेत पण युनियन आहे. अमेरिकेत वीस आहेत पण ते माग निराळे, ते आपले आपण चालतात. आपले माग विलायतेच्या आज्जीच्या वेळचे आणि हुकूम अमेरिकेचा, असं काहीतरी होतंय. हे बोलताना मला बरं वाटलं, हुशार वाटलं. दाजींनी मान डोलावली. "लई चांगलं बोलतोस," म्हणाले. "आता हो का न्हाय, तेवडं बोल." अक्का आतनं म्हणाली, "त्याला काय इचारताय? त्याला घरात दोन दिस बसायला येत न्हाय, तुमाला मागावर कसं बसायचं ते सांगनार हाय व्हय तो." दाजी हसले. मी पण हसलो. पण ते उठले नाहीत. "उद्या सांगतो," मी म्हटलं, आणि आज तो उद्या आहे; फार तर उद्या सकाळपर्यंत ताणता येईल.

एक तुला सांगतो, अक्काला सांगितलेलं नाही. माझं बोचकं बांधून झालंय. दारामागं आहे. सकाळी दाजी उठायच्या आत स्टेशन गाठावं आणि जी गाडी लागलेली असेल तिच्यात बसावं, असं मी काल रात्रीपासून ठरवतोय. वाडी जंक्शनकडची असेल तर वाडीकडची. हो म्हणालो तर भिंतीपलीकडचं बाळ, नाही म्हणालो तर अक्का. कुठल्याही देशात मला हे कुणी विचारलं नव्हतं. झाडूवाल्याला कोण विचारतो.

थांब, दारात कुणीतरी आलंय. अक्काचा भाकरी थापायचा आवाज थांबला. शेजारी आहेत. डोक्याला फडकं बांधलेलं, छातीशी धरलेली ती मुलगी, उंबऱ्याच्या बाहेरच उभे. अक्का सांगते आहे, हे घरात न्हाईत. ते म्हणतात, "त्यांच्याशी काम न्हाय. तुजा भाऊ पायजे." मला वाकून बघतायत. "तू दाजीला तितलं समदं सांगितलास म्हनं. भिंतीतनं ऐकू आलं. ज्याला जास्ती माग मिळाले, त्याचं सांगितलास. ज्यांचे गेले, ते काय करत हुते तितं? ते मला सांग की."

अव्वा, हे मला येतं. हौद धुणारे, झाडणारे बरेचसे माग गेलेलेच, दोन्हीकडं मी त्यांच्यातच उठत-बसत होतो. पुढचं राहू दे, त्यांना आत बोलावतो.