आंबलेल्या खिचडीचा कडू घास

आये, आज पुन्हा तोच वास आला म्हणून लिहायला बसलो. दोन इयत्ता शिकलेल्याचं अक्षर आहे, आणि तुला तर वाचताच येत नव्हतं, तेव्हा कुणाचं काही अडत नाही. मी इथे विशाखापट्टणमच्या गोदीत ओझी उचलतो. मागच्या आठवड्यात इथेही वादळ झालं, किनाऱ्यावरची झोपडी न झोपडी पडली. मुकादमानं भात शिजवला आणि आम्हाला वाढायला पाठवलं. पण वाढायचा कधी, तर साहेब येऊन पातेल्याला हार घालतील तेव्हा. पातेल्याला हार! माणसं उन्हात पानं मांडून बसलेली, पोरं रडतायत, आणि झाकणाखाली भात घामेजून आंबतोय. तो वास नाकात गेला तशी मी पळी तिथेच टाकली आणि निघून आलो. मुकादम मागून ओरडत होता. ओरडू दे. फार तर कामावरून काढेल, मी तरी कुठे एका जागी टिकलोय.

आपल्याकडच्या वादळात छप्पर गेलं, वाळत घातलेले बोंबील चिखलात गेले, त्याचं तुला काही नव्हतं. बापूस पाण्यावर होता. बाकीच्या होड्या कशाबशा दिघी बंदराला लागल्या, आपली लागली नाही. तू पडक्या छपराचे वासे फोडून चूल पेटवलीस. ओलं लाकूड, नुसता धूर, तुझे डोळे लाल. मी खडकावरून कालवं फोडून आणायचो, तू ती उकडायचीस आणि बापसाचा वाटा काढून झाकून ठेवायचीस. चूल विझू द्यायची नाही, एवढंच तुझं चाललेलं. कारण आपल्यात माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही, शेजारी शिजवून आणतात. तो कडू घास. तो खाल्ला की गेलेला माणूस गेला, मग त्याची वाट बघायची नाही.

आणि नेमका तेव्हाच तो माणगावचा तांदळाचा शेठ दारात येतो. वरच्या देवळाच्या आवारात त्यानं चुली मांडलेल्या, वखारीत कुणी न घेतलेला किडका तांदूळ शिजवलेला, आणि गड्यांच्या हातात बादल्या देऊन स्वतः पुढे. धोतराचा सोगा चिखल लागू नये म्हणून दोन बोटांत धरलेला. मला अजून त्या बोटांची शिसारी येते.

"घे गं बाय, गरम खिचडी हाय."

तू उंबऱ्यात आडवी उभी राहिलीस. "न्हाय नको. माजी चूल पेटलीय."

"धूर खाऊन पोरं जगतात काय?"

"माजा घोव पाण्यावर हाय, शेट. शिजवलेलं घेऊन दारात येऊ नको. तो मेलाय काय?"

शेजारची काकी मागून ओरडली, "शेट, तिला कोरडा तांदूळ दे, ती घरात शिजवंल. आनि किडं आधीच निवडून दे, तेवढंच पुन्य!" कोळीवाडा हसला. शेठ नाही हसला. "कोरडा दिला की तुम्ही ताडीत घालता," म्हणाला. "आणि उद्या अलिबागेहून साहेब येतायत, त्यांना पंगत दिसायला पाहिजे. उपाशी हायत तरी माज बघा!" तू दार ओढून घेतलंस. मला भूक एवढी होती की बादलीतला किडक्या तांदळाचा वासही त्या दिवशी चांगला वाटला होता. तरी तुझ्याकडे बघून मला वाटलं, आता बापूस येणारच.

दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडून, आगरदांड्याहून, एक माणूस तरीतून आला. त्याच्या खांद्यावर सुकाणू होतं. सुकाणूला नारळी पुनवेला तू बांधलेलं लाल फडकं तसंच होतं, गाठसुद्धा तुझीच. तू गाठीवरून हात फिरवलास. रडली नाहीस. आत गेलीस, कळशी उचललीस आणि चुलीवर ओतलीस. तो चर्र आवाज. मग मला दंडाला धरून वर देवळात नेलंस आणि पंगतीत बसलीस.

साहेबांची वाट बघण्यात खिचडी सकाळपासून तशीच पडलेली. आंबून वर बुडबुडे आलेले. साहेब आले, शेठ बोलला, साहेब बोलले, आपलेच लोक टाळ्या वाजवत होते, मेले. मग शेठची नजर तुझ्यावर पडली. "आली बघा! उतरला ना माज?" फोटोवाला आला, "बाई, ताट जरा वर धरा, साहेबांकडे बघा." आणि तू धरलंस. आये, तू ते ताट वर धरलंस! त्या वेळी मला शेठची, साहेबांची, टाळ्या पिटणाऱ्यांची किळस आली, आणि खोटं कशाला सांगू, तुझीही आली. मी ताट ढकललं. तू हळूच म्हणालीस, "खा. तुज्या बापसाचा घास हाय. दुसरं कोन आननार?" मी खाल्लं. आंबट, चिकट, दाताखाली खडा. घास गिळला आणि बापूस मेला. तोवर तो मेला नव्हता.

पुढे घर सोडलं तेव्हा माणगावच्या बाजारात तो फोटो बघितला, शेठच्या गादीच्या वर, काचेत. तू ताट धरून बसलेली. भिंतीवर थुंकून मी गाडीत चढलो. तुला कधी सांगितलं नाही.

तू गेल्याचं काकीनं कुणाकडून तरी लिहून कळवलं, ते इथे पोचेपर्यंत तुझे दिवससुद्धा झाले होते. कुणी विचारलं की मी सांगतो, परक्या गावात मला कडू घास कोण आणून देणार? पण आणला होता. माझ्या खाणावळीचा म्हातारा, आपली भाषा न कळणारा. पत्र आलं तेव्हा मी दोन वेळा जेवायला गेलो नाही, तर ताटावर ताट झाकून खोलीच्या दारात ठेवून गेला. भात होता, चिंचेचं सार होतं, दोन्ही ताजं, वाफ निघत होती. चांगलं अन्न होतं, आये. पोटात आग पडली होती, तरी मी त्याला हात लावला नाही.